खारेबांधचा उतरता तंबोरा

१

देवळातला दागिना गेला तर माणसं पोलिसांकडे जातात. खारेबांधच्या देवळातून सूर गेला होता, आणि गेलेला सूर शोधून देणारा पोलीस सरकारनं अजून भरती केलेला नाही. म्हणून विमला श्रावणातल्या एका रविवारी सकाळी पेडण्याहून बस बदलत बदलत मुळगावला आली, ती थेट कमलाक्षीच्या बाल्कांवात.

त्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या लाल सिमेंटच्या ओट्यावर, कमलाक्षीचं दुरुस्तीचं मेज होतं. डिचोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर रेडिओ, टीव्ही, टेपरेकॉर्डर यांची डॉक्टरकी सुरू केली. वीज मोजायचा तिचा काट्याचा मीटर पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. तिचा नवरा पांडुरंग, सरकारी बसचा निवृत्त ड्रायव्हर, त्या मीटरबद्दल जे सांगायचा त्यातलं निम्मं खरं धरलं तरी खूप झालं. निवडणुकीत एका उमेदवाराच्या बंद पडलेल्या लाऊडस्पीकरला कमलाक्षीनं मीटर लावला तर वीज नसतानाही काटा हलला, आणि ती म्हणाली, "ह्यो नुसत्या आश्वासनांचो करंट," ही त्याची लाडकी हकीगत.

त्या वेळी पांडुरंग चहात उंडा, म्हणजे गोल कडक पाव, बुडवत होता. उंडा पुरता भिजेपर्यंत जगातली कुठलीही अडचण थांबू शकते, असं त्याचं मत.

विमलानं पिशवीतून लाकडी डबा काढून मेजावर ठेवला. दिसायला जुन्या रेडिओएवढा, पुढे दोन कान.

"तंबोऱ्याचो डबो," ती म्हणाली. "आमच्या देवळातलो खरो तंबोरो वाळवीन खाल्ल्यान. मगे गावच्या मस्कतवाल्यान ह्यो दिलो. कान पिळलो की आपसूक वाजता. पुरुषांच्या भजनाक सरळ वाजता. आमी बायका गाऊक बसलो की सूर उतरता. म्हणजे कसो, तर शेंगदाण्याच्या गोणीक भोक पडल्यासारखो. हळूहळू, पण थांबाचा नाव नाय."

"रोज?"

"रोज. आमी दुपारी तालीम करतो, तेंचा भजन तिन्हीसांजेक. दुपारी उतरता, सांजेक ताठ. काल सगळो गाव ऐकूक बसल्लो, आणि पयल्याच अभंगाक आमी खंय नि तंबोरो खंय. लोक हसले. हसले तेचा काय नाय. पण कृष्णनाथकाका उठले."

कृष्णनाथ म्हणजे देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. सप्ताहाच्या शेवटच्या दुपारी यंदा पहिल्यांदाच बायकांना गायला मिळणार होतं, तेही विमलानं तीन वर्षं तगादा लावल्यावर. आणि काल काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, की हा देवाचा इशारा दिसतो. सोमवारी सकाळी देवाला प्रसाद लावू. मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर बायकांनी गावं, डावी पडली तर पुन्हा विषय काढायचा नाही.

"सोमवार म्हणजे उद्या," विमला म्हणाली. "माणसांनी नाय म्हटला तर मी भांडतंय, बाय. देवान नाय म्हटला तर कोणाकडे जावचा?"

कमलाक्षीनं डब्याच्या तळाचे स्क्रू काढले. आत हिरवी पाटी होती. तिनं आपल्या मेजावरच्या मोठ्या सप्लायमधून डब्याला नऊ व्होल्ट दिले, मीटरची काळी तार पाटीच्या काठाला टेकवली आणि लाल तारेची सुई एकेका जागी ठेवत गेली, नाडी बघतात तशी.

"हयसर नऊ येतत. ह्यो तीन पायांचो किडो बघ. ह्यो नवाचे सहा करता आणि सूर काढणाऱ्या भागाक देता. वर नऊ असले तर खाली सहा पक्के. सहा पक्के, तर सूर पक्को."

काटा सहावर जाऊन बसला. डबा वाजू लागला. कमलाक्षीनं तो चालू ठेवून एक अख्खा नारळ खवला, पांडुरंगानं तोवर आणखी दोन उंडे संपवले. सूर हलला नाही.

"डबो निरोगी असा," कमलाक्षीनं स्क्रू परत बसवले. "रोग देवळात असा. अवो, स्कूटर काढा."

२

कमलाक्षी मागे बसली की पांडुरंगाची स्कूटर चढावावर पुटपुटायची. मांडीवर मीटरची पिशवी आणि तंबोऱ्याचा डबा घेऊन ती बसली होती. विमला बसनं निघाली आणि त्यांच्या आधी पोचली, यावरून काय ते समजावं. पांडुरंग मात्र पुढे सांगायचा की वाटेत त्यानं दोन टेम्पो आणि एक मंत्री मागे टाकला.

खारेबांध मोरजीच्या अलीकडे, खाडीच्या कडेला. देऊळ लहान, पण सभामंडप ऐसपैस. बाहेर पिंपळाचा पार. पारावर एक म्हातारा परीटघडीचा सदरा घालून, काठी टेकून बसला होता. भर दुपारी एवढा नटून हा कोणाची वाट बघतोय, असं पांडुरंगाला वाटून गेलं. पण भुकेच्या वेळी त्याचे विचार लांब जात नसत.

मंडपात एक जण शिडीवर चढून खांबांना पांढरा रंग देत होता. हा बाबली, देवळाच्या दिव्यांचा आणि विजेच्या सगळ्या वस्तूंचा मुखत्यार. कमलाक्षीच्या हातात मीटर बघताच तो शिडीवरून उतरला आणि आपला मीटर घेऊन आला. आकडे दाखवणारा, नवा कोरा, प्लॅस्टिकची पिशवी अजून अंगावर.

"तुमचो काट्याचो," तो म्हणाला.

"माझो काट्याचो," कमलाक्षी म्हणाली. "डब्याक करंट कशान देतास?"

भजनाच्या चौथऱ्याखाली बाबलीनं लाकडी पिंजरा केला होता. त्यात काळा ठोकळा होता, एलिमिनेटर. भिंतीतली वीज घेऊन डब्याला सोसेल तेवढीच पाजणारा. एकाच ठोकळ्यातून तीन, सहा, नऊ, बारा, जे हवं ते मिळायचं. बाजूला सरकवायची एक कळ होती, आणि कळीशेजारचे आकडे मळानं बुजून गेले होते.

"डबो कोण खंयही नेतत," बाबली म्हणाला, "पण ह्येका मी कोणाक हात लावूक देत नाय. रोज सकाळी पूजा झाली की मीटर लावतंय. रोज. आणि रोज काय बघतंय तर कोणी तरी हात लावलेलो असता. मगे मी परत नऊ करून ठेवतंय. देवाची वस्तू, जळली तर?"

"आता बघ."

बाबलीनं एलिमिनेटरच्या वायरच्या टोकाला आपल्या मीटरच्या सुया लावल्या. पडद्यावर आकडा आला. नऊ. वर एक ठिपका आणि एक शून्य.

"बघलात? बरोबर."

कमलाक्षीनं ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला. कळीवर अंगठ्याएवढा पांढरा डाग होता. पांडुरंगालाही तो दिसला. त्याची नजर बाबलीच्या रंगानं माखलेल्या हातांकडे गेली, आणि त्याच्या मनात एक दिवा पेटला. तो दिवा पुढे बराच वेळ उगाच जळत राहिला.

"डबो बरोबर," पांडुरंग बायकोच्या कानाशी म्हणाला. "करंट बरोबर. मगे सूर कोण खाता?"

"तीच तर मजा," कमलाक्षी म्हणाली. आणि मग एकदम आवाज चढवून ती खांबाकडे वळली. "आणि तुमी कोण ओ, खांबाआड? बाहेर येवा."

३

खांबाआडून कृष्णनाथ बाहेर आले. उंच, कपाळाला गंध, हातात वर्तमानपत्र. ते उलटं धरलेलं होतं.

"मी पेपर वाचतंय," ते म्हणाले.

"आडोशाक?"

"हयसर वारो येता."

विमलाचं तोंड लाल झालं. "काका, तुमी रोज दुपारी हयसर असतात? आमच्या तालमीक?"

पांडुरंगाला वाटलं, झालं, संपलं, आता जेवायला मोकळे. बायकांचं भजन नको असलेला माणूस, देवळाची किल्ली त्याच्याकडे, आणि रोज दुपारी नेमका डब्यापासून दहा पावलांवर लपलेला. बसमध्ये असा माणूस सापडला तर कंडक्टर त्याचं तिकीट न विचारता त्याला उतरवतो.

कमलाक्षीनं कृष्णनाथांना कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं.

"काका, विमलाचो कुठलो अभंग पाठ झालो तुमका?"

"काय म्हणतास?"

"रोज ऐकतात. एखादो पाठ झालो असतलो."

कृष्णनाथांनी एकदा विमलाकडे, एकदा देवाकडे बघितलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि हळू आवाजात, लाजत, विमलाच्या तालमीतला शेवटचा अभंग ती जिथे श्वास घेते तिथे श्वास घेऊन म्हणून दाखवला. विमला बघतच राहिली.

"माझी आवय गायची," ते म्हणाले. "जात्यावर. हिच्यासारखोच आवाज. पण माझ्या आवडीचो प्रश्न नाय, बाय. मी अध्यक्ष. पुरुषांक वाजता आणि बायकांक वाजना नाय, ह्येका मी काय म्हणू? देवाक नको असला आणि मी हट्टान केला, तर गावार येतला. म्हणून प्रसाद. पाकळी उजवी पडली तर पयलो नारळ मी फोडतलंय."

"आणि डावी पडली तर?"

कृष्णनाथांनी उलटा पेपर सुलटा केला. "डावी पडली तर डावी."

"हो काय चोर नाय," विमला बाहेर आल्यावर म्हणाली. तिचा राग कुठे ठेवायचा हे तिला कळत नव्हतं. "पण डावी पडली तर हो माणूस खरोच आमका कायमचा बंद करतलो. आणि खांबाआड बसून रडतलो."

पारावरचा नटलेला म्हातारा आता उठून, काठी टेकत घराकडे चालला होता. कमलाक्षी त्याच्याकडे बघत होती.

"तो कोण गो?"

"नारायणआजो. पेटी वाजवतत. पुरुषांच्या भजनाक. आमच्याकडे पेटीक माझी वहिनी आनंदी असा, म्हणून तेंका त्रास दिलो नाय."

"असा?" कमलाक्षी म्हणाली, आणि पांडुरंगाला जिच्यासाठी तो सकाळपासून थांबला होता ती बातमी दिली. "अवो, नारायणआजोंच्या घराकडे पातोळ्यो शिजतत. वास येता."

४

हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या समोर आल्या की पांडुरंग कोणावरही संशय घेऊ शकत नसे. नारायणआजोबांच्या ओट्यावर बसून त्यानं चौथं पान सोललं आणि या घराला मनातल्या मनात निर्दोष सोडून दिलं.

नारायणआजोबा बोलायला तुसडे होते.

"डबो," ते म्हणाले. "तो काय तंबोरो? तेका पोट नाय, तारा नाय. आमच्या घराण्यान पाच पिढ्या देवाचो तंबोरो लावल्यान. माझ्या पणज्यान लावलेलो तंबोरो पावसात भिजलो तरी उतरूचो नाय. खाडीपलीकडे मासे स्थिर उभे रवत."

ही आपल्या तोडीची थाप आहे, हे ओळखून पांडुरंगानं आदरानं मान हलवली.

"म्हणजे तंबोरो लावण्याचो मान तुमच्या घराचो," कमलाक्षी म्हणाली.

"होतो. असा. कोणी विचारला तर असा." आजोबांनी पानाचा डबा पुढे ओढला, बोटानं चुना घेतला, पानावर फासला. "आता बायका गातत. गावंदे. चांगल्या गातत. त्या विमलाच्या गळ्यात काय तरी असा. पण माका कोणी विचारल्यान नाय. तेंची तेंका पेटीवाली असा, तंबोऱ्याचा पण तेंचा ता बघतली. मी कित्याक मधी जाऊ?"

"पण दुपारी सूर उतरता, ता तुमच्या कानार येता?"

"येता? बाय, दातात खडो आल्यासारखो येता. पाराकडे बसून मी हयसर," त्यांनी छातीवर हात ठेवला, "हयसर मरतंय."

"मगे पारार बसतात कित्याक?"

नारायणआजोबांनी विडा तोंडात घातला. विडा तोंडात असला की माणसाला उत्तर न देण्याचा हक्क मिळतो. तो त्यांनी पुरता वापरला.

तिन्हीसांजेला पुरुष भजनाला जमले. कमलाक्षीनं डबा चौथऱ्यावर नेऊन ठेवला, बाबलीनं वायर जोडली. तिनं पिंजऱ्यात डोकावून एलिमिनेटरकडे बघितलं आणि बायकांमध्ये जाऊन बसली. तिनं पांडुरंगाला सांगितलं होतं, "तुमी पुरुषांत बसा. डोळे उघडे ठेवा. प्रसादाकडे नाय, माणसांकडे."

पांडुरंगानं डोळे उघडे ठेवले. एक तबक आलं, त्यात विडे. पहिला विडा नारायणआजोबांना. बाबलीनं तो दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला, नमस्कार केला. आजोबांनी विडा उचलला, पेटीमागे आपल्या जागेवर बसले, डबा चालू केला, खाली वाकून धोतर सारखं केलं, कान तिरका करून क्षणभर तसेच राहिले. मग पेटी उघडली. सूर असा बसला की मंडपातली कबुतरंही गप्प झाली.

भजनभर तो हलला नाही.

परत येताना कमलाक्षीनं विचारलं, "काय बघलात?"

"सगळा," पांडुरंग म्हणाला. "माका चोर गावलो."

५

विमलाच्या घरी माशाशिवायचं, श्रावणाचं जेवण होतं, पण भाज्यांचं खतखतं इतकं फर्मास की पांडुरंगाला कशाची उणीव भासली नाही. हात धुऊन त्यानं आपला सिद्धान्त मांडला.

"बाबली," तो म्हणाला. "कळीर पांढरो डाग. बाबलीचे हात पांढरे. पिंजरो बाबलीचो. आणि वर तोच सांगता की रोज रात्री कोण तरी हात लावता. चोरच असा सांगता. आमच्या बसीत एकदा एक जण..."

"डाग बोटाचो नाय, अंगठ्याचो," कमलाक्षी म्हणाली. "आणि रंगाचो असतो तर नखान निघालो नसतो. मी काढून बघलंय. चुनो."

पांडुरंग थांबला. "चुनो म्हणजे पानाचो?"

"आणि बाबली पान खायना. दात बघलात तेचे? खिडकीच्या काचेसारखे."

"मगे तो म्हातारो." पांडुरंगानं सिद्धान्त एका दमात वळवला, बसही तो अशीच वळवायचा, हात न दाखवता. "आजो बायकांवर रुसलेलो असा. पेटीवाली दुसरी घेतली म्हणून. रात्री कळ सरकवता, दुपारी सूर पडता."

"आजोंनी कळ सरकवली ती तिन्हीसांजेक. तुमच्या डोळ्यांदेखत, धोतर सारखा करताना. आणि तेच्यानंतर सूर कसो वाजलो?"

पांडुरंगानं विचार केला. "सरळ."

"मगे दुपारी उतरवता कोण?"

विमला दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "बाय, माका ह्यातला काय समजना नाय. एक कळ, सांजेक आजो सरकवतत, सकाळी बाबली बघता. चोर रात्रीचो की दिवसाचो?"

"चोर सकाळचो असा," कमलाक्षी म्हणाली, "आणि तेका म्हायत नाय की आपण चोर. आणि जो राखणदार, तो कोणी बोलावल्याशिवाय उठना नाय. उद्या प्रसादाआधी माका थोडो वेळ घेऊन दी. आणि एक तबक, पान, सुपारी, चुनो, नारळ. घरात असा मा?"

"पान कोण खातलो?"

"निज आता," कमलाक्षी म्हणाली.

६

सोमवारी सकाळी सगळं खारेबांध मंडपात होतं. भटजींनी मूर्तीला पाकळ्या लावून ठेवल्या होत्या, कृष्णनाथ हात जोडून उभे होते, बायका डावीकडे एकमेकींना चिकटून. विमलाच्या हातात रुमालानं झाकलेलं तबक. नारायणआजोबा बाहेर पारावर, परीटघडीत. आज तर त्यांनी टोपीही घातली होती.

कमलाक्षी देवाला नमस्कार करून चौथऱ्यापाशी गेली.

"काका, प्रसादाआधी बाबलीक एक काम सांगतंय. बाबली, आजचो मीटर लावलंस?"

"लावलंय. कोणी तरी परत वाढवल्लो. तेरा दाखवी. मी नऊ करून ठेवलंय."

"दाखव सगळ्यांक."

बाबलीनं वायरीच्या टोकाला सुया लावल्या. नऊ. लोकांनी आकडा बघितला, माना हलवल्या.

"आता सुया तशाच ठेव. मी डबो जोडतंय." कमलाक्षीनं डबा जोडला आणि चालू केला.

बाबलीच्या नव्या मीटरवरचा आकडा खाली येऊ लागला. आठ, सात, सहा, आणि सहाच्याही खाली जाऊन तो घुटमळत राहिला. डब्यातून सूर निघाला, आणि विमला म्हणाली होती तसाच, गोणीला भोक पडल्यासारखा घसरू लागला. मंडपात कुजबुज झाली. बाबली मीटर हलवून बघू लागला.

"मीटर बरो असा, बाबली," कमलाक्षी म्हणाली. "तू पण बरो. पण तू ठोकळ्याक मोजतंस तो रिकामटेकडो असताना. हो ठोकळो स्वस्तातलो. कळ सहार असली तरी काम नसताना फुगून नऊ दाखवता. नवार असली तर तेरा दाखवता. तू तेरा बघून घाबरलंस आणि कळ खाली आणून सहार ठेवलंस. डबो जोडलो की ह्येचा खरा बळ दिसता. डब्यातल्या किड्याक वर नऊ होये, तेका मिळतत साडेपाच. तो काय खाली सहा देतलो? जरा आवाज वाढवलो, जरा गावची वीज हालली, की सूर ढासळता."

बाबलीचा चेहरा त्याच्या खांबांसारखा झाला. "म्हणजे रोज सकाळी मी..."

"तू देवाची वस्तू जळूक नये म्हणून जपत होतंस. दुसरो कोण असतो तर मोजलोही नसतो."

"पण सांजेक तर वाजता," कृष्णनाथ म्हणाले. "पुरुषांक वाजता. ता कसा?"

कमलाक्षीनं विमलाकडे मान वळवली. "विमला, तबक घे. पाराकडे जा. पुरुष देतत तसो विडो दे. दोन्ही हातांनी."

विमला एका क्षणात समजली. सगळ्या मंडपानं तिला पायऱ्या उतरताना बघितलं. तिनं पारापाशी जाऊन तबक नारायणआजोबांपुढे ठेवलं, वाकून पायांना हात लावला.

"आजो, आमची चूक झाली. तंबोरो लावूक येवा."

नारायणआजोबांनी तबकाकडे बघितलं. नारळ, पान, सुपारी, चुन्याची डबी. सगळं होतं. त्यांनी सावकाश विडा केला, सावकाश तोंडात घातला. मग उठले. काठी पारावरच राहिली. हे पांडुरंगानं स्वतः बघितलं, आणि पुढे आयुष्यभर कोणी विचारलं नाही तरी सांगितलं.

चौथऱ्यापाशी येऊन ते वाकले. कान तिरका केला. चुन्याचा अंगठा पिंजऱ्यातल्या कळीवर गेला आणि कळ सरकली. बाबलीच्या मीटरवर आकडा चढला आणि नवावर थांबला. सूर उभा राहिला.

"आकडे मी बघणय नाय," आजोबा म्हणाले. "कानाक बसता थय थांबतंय."

"रोज सांजेक तुमीच?" बाबलीनं विचारलं.

"विडो तू ठेवतंस, मगे लावतलो कोण, तुझो आजो?"

लोक हसले, आणि सगळ्यात आधी बाबली हसला.

"आणि दुपारी?" विमलानं विचारलं. "आजो, रोज दुपारी तुमी पारार बसून ऐकत होतात. एक शब्द..."

"विडो नाय, नारळ नाय, हाक नाय. मी आपसूक येऊन वस्तूक हात लावलंय असतो तर उद्या कोणी म्हटला असता, म्हाताऱ्यान बायकांचा भजन बिघडवल्यान." त्यांनी सदऱ्याची घडी सारखी केली. "धुतलेलो सदरो घालून बसत होतंय मा. हाक मारशात म्हणून."

विमलानं पदरानं डोळे पुसले आणि तो धुराचा त्रास असल्याचं सांगितलं. धूर कुठेच नव्हता.

भटजी गाभाऱ्यातून म्हणाले, "कृष्णनाथबाब, पाकळ्यो सुकतत. देवाक विचारूया?"

कृष्णनाथ देवाकडे बघत राहिले. "विचारूक प्रश्न होयो, भटजी. प्रश्न खंय उरलो आता?" मग ते विमलाकडे वळले आणि अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, "शेवटच्या अभंगाक तू मधी श्वास घेतंस, थय जरा लवकर घेतंस. बघ." आणि घाईघाईनं पेपर शोधायला गेले.

७

सप्ताहाच्या शेवटच्या दुपारी बायकांचं भजन झालं. खाडीपलीकडून होड्या भरून माणसं आली. पांडुरंगाच्या म्हणण्याप्रमाणे काही कासवंही आली, पण मोरजीकडच्या कासवांचा तो हंगाम नव्हता, तेव्हा हे सोडून द्यावं.

कमलाक्षीनं आदल्याच दिवशी येऊन बाबलीच्या मदतीनं एलिमिनेटर उघडला होता, नवाच्या तारेला सोल्डरचा पक्का डाग दिला होता आणि कळीची आतली तार काढून टाकली होती. आता कळ कुठेही सरकवली तरी नऊच. बाबलीला तिनं जोडून मोजायला शिकवलं, आणि बाबलीनं तिला आपला मीटर एक दिवस वापरायला दिला. यापेक्षा मोठा मान खारेबांधात फक्त देवाचा.

"आजोंक सांगितलंस? कळ मेली म्हणून?" पांडुरंगानं विचारलं होतं.

"सांगितलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बरा."

भजनाची वेळ झाली. खांबाआड कोणी नव्हतं. कृष्णनाथ पहिल्या रांगेत बसले होते, नारळ फोडून ओल्या झालेल्या हातांनी. विमलानं तबक घेतलं आणि नारायणआजोबांपुढे ठेवलं. आनंदीनं पेटीमागून उठून त्यांना जागा करून दिली. आजोबांनी विडा खाल्ला, वाकले, चुन्याचा अंगठा त्या मेलेल्या कळीवर ठेवला आणि ती इकडून तिकडे सरकवली. कान तिरका. जरा मागे. जरा पुढे.

कमलाक्षी चौथऱ्याच्या कडेला बसली होती. बाबलीचा मीटर बाबलीला परत गेला होता. तिनं सवयीनं आपला काट्याचा मीटर डब्याच्या वायरीला लावून ठेवला होता. पांडुरंग तिच्या खांद्यावरून बघत होता.

काटा नवावर होता. आजोबांचा अंगठा थांबला, आणि काटा केसभर वर गेला.

पांडुरंगानं बायकोकडे बघितलं. बायकोनं काट्याकडे बघितलं. मग तिनं सुया काढल्या, तारा गुंडाळल्या आणि मीटर पिशवीत घातला.

"बसलो," नारायणआजोबा म्हणाले.

"बसलो," कमलाक्षी म्हणाली, आणि विमलानं सूर लावला.